परवाना आला, रिव्हॉल्व्हर आलं. पुण्यात सराव कुठे आणि कसा करायचा?

पंपवाला_सोलापूररोड

नमस्कार मंडळी.

सोलापूर रस्त्यावर आमचा पेट्रोल पंप आहे, वडिलांच्या काळापासूनचा. मागच्या वर्षी रात्री कोयते घेऊन पोरं आली, गल्ला उचलून नेला आणि जाताना आमच्या एका कामगाराच्या दंडावर वार केला. तो आता बरा आहे, पण परत रात्रपाळी त्याने मागितली नाही, आणि मी देणारही नाही.

त्यानंतर परवान्यासाठी अर्ज केला. चौकीत जबाब, वैद्यकीय दाखला, सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा एस-१ दाखला, सगळं रीतसर झालं आणि परवाना हातात आला. कानपूर फॅक्टरीचं पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर घेतलं.

माझं म्हणणं असं, की जे हत्यार कमरेला लावायचं ते चालवता आलंच पाहिजे. ओळखीत परवानेवाले बरेच आहेत. शेवटची गोळी कधी झाडली विचारलं तर उत्तर येत नाही. दसऱ्याला पूजा होते, नूतनीकरण होतं, बाकी वर्षभर कपाटात. मला तसं करायचं नाही. पण पुण्यात सराव करायचा कुठे? बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर आपलं हत्यार घेऊन जाता येतं का? गोळ्यांचा कोटा मर्यादित, मग घरी काय करता येईल? होल्स्टर (हत्यार कमरेला लावायची म्यान) कसं असावं? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

बावधनचा_बंड्या

जागा पकडून बसलोय. जाणकार येऊ द्या.

निवृत्त_आर्मरर

पंपवाले साहेब, प्रश्न योग्य विचारलात. माझी नोकरी शस्त्रागारात गेली, म्हणून थोडं लांबण लावतो.

कानपूरचं पॉइंट ३२ मधोमध मोडून उघडतं. खटका दाबून नळी खाली वाकवली की सिलिंडरच्या मधली चांदणी (चांदणीच्या आकाराची तबकडी) वर येते आणि सगळ्या पुंगळ्या, म्हणजे झाडलेल्या काडतुसांची रिकामी नळकांडी, एकदम बाहेर फेकल्या जातात. लोक ते घाबरत घाबरत अर्धवट उघडतात. मग एखादी पुंगळी चांदणीच्या खाली सरकते आणि हत्यार ना धड उघडत, ना मिटत. म्हणून उघडायचं ते पूर्ण आणि एका दमात, मनगट जरा आडवं करून, म्हणजे पुंगळ्या खाली पडतात. हा नुसता उघडमिटीचा सराव रिकाम्या हत्यारावर आधी करा. नेमाचं नंतर बघू.

दुसरी गोष्ट चापाची, म्हणजे बोटाने ओढायच्या कळीची. घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारी मागची हातोडी, अंगठ्याने मागे ओढून मारलं तर चाप हलका लागतो, नेम छान बसतो आणि माणूस खूश होतो. पण प्रसंगात घोडा ओढायला सवड नसते. शिवाय घोडा ओढलेलं रिव्हॉल्व्हर थरथरत्या हातात घेऊन कुणावर रोखणं यासारखं घातक काही नाही, नुसतं दचकलात तरी गोळी सुटते. म्हणून सराव करायचा तो घोड्याला हात न लावता, पूर्ण चाप ओढून. जड जातो. बोटाला सवय होईपर्यंत नळी डावी-उजवी हलणारच.

त्यासाठी जुनी युक्ती: रिकामं हत्यार, समोर भक्कम भिंत, आणि नळीवर पुढच्या साईटच्या (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) मागे रुपयाचं नाणं. चाप पूर्ण ओढून घोडा पडला तरी नाणं पडता कामा नये. पहिले काही दिवस ते खणखणत फरशीवर जाईल. जाऊ द्या.

घरच्या सरावाची शिस्त मात्र मोडायची नाही. त्या खोलीत एकही जिवंत काडतूस नको, दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. हत्यार उघडून आधी डोळ्यांनी बघा, मग बोट फिरवून बघा. सराव संपला की तोंडाने मोठ्याने म्हणा, "सराव संपला", आणि मगच भरा किंवा ठेवून द्या. अपघात होतात ते 'आणखी एकदाच करून बघतो' म्हणताना, भरलेल्या हत्यारावर.

निशाणी

आर्मरर काकांशी शंभर टक्के सहमत. मी दहा मीटर एअर पिस्तूल खेळते आणि नवीन मुलांना शिकवते, त्या बाजूने सांगते.

बालेवाडीची रेंज १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेल्या क्रीडासंकुलातली आहे आणि ती खेळाडूंसाठी आहे. स्वसंरक्षणाच्या परवान्यावरचं हत्यार घेऊन थेट दारात जाऊ नका. रायफल क्लबकडे किंवा रेंजच्या कार्यालयात आधी लेखी विचारा, परवान्याची प्रत जोडा, दिवस आणि वेळ ठरवून घ्या. झाडलेल्या गोळ्यांची तिथल्या रजिस्टरला नोंद करून सहीशिक्का घ्या, पुंगळ्याही टाकू नका. पुढे काडतुसांचा हिशोब विचारला जातो तेव्हा हेच कामी येतं.

पण दादा, माझा खरा सल्ला वेगळा आहे. सुरुवातीचे महिने एअर पिस्तुलावर घाला. ४.५ मिमीचं, ठरवून दिलेल्या ताकदीच्या आतलं एअर पिस्तूल विनापरवाना मिळतं, छऱ्यांचा डबा स्वस्त असतो आणि एका बैठकीत भरपूर नेम धरून होतात. पकड, श्वास, पुढच्या साईटवर नजर, चाप ओढताना मनगट न हलणं हे सगळं तिथे पक्कं होतं. आवाज आणि झटका नसल्यामुळे चूक लपत नाही. नवशिक्या माणसाची गोळी चुकते ती नेमामुळे नाही, धमाक्याच्या अपेक्षेने तो आधीच हात खाली दाबतो म्हणून.

जिवंत गोळ्या पाच ते सात मीटरवर सुरू करा. पंचवीस मीटरवर कागद फोडण्याचा अट्टाहास सध्या नको. गोळ्या एकमेकींजवळ पडल्या पाहिजेत, मध्यात पडल्या नाहीत तरी चालेल. मध्य नंतर साधता येतो. वेग सगळ्यात शेवटी.

दौंडकर_पाटील

एवढं सगळं कशाला? आमच्याकडे नुसतं दिसलं की काम होतं. शर्ट जरा वर केला की समोरचा दोन पावलं मागं सरतो. गोळी झाडायची वेळच येत नाही.

वकीलबाई_शिवाजीनगर

पाटील, हे तुम्ही जाहीर लिहू नका आणि करूही नका.

२०१६ च्या शस्त्र नियमांत स्पष्ट आहे: सार्वजनिक ठिकाणी हत्यार न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात हवं. शर्ट वर करून दाखवणं म्हणजे परवान्याच्या अटीचा भंग. त्यातून शस्त्र कायद्याचं कलम ३० लागतं, वरून धमकावल्याचा गुन्हा वेगळा. जमिनीच्या वादात एकाने मोबाईलवर चित्रण केलं की तुमचा परवाना गेला आणि जमिनीच्या दाव्यातली बाजूही पडली. माझ्याकडे येणाऱ्या परवानाधारकांत गोळी झाडलेले फार थोडे असतात, दाखवलेले जास्त असतात.

आणि हळदीत, वाढदिवसाला हवेत बार काढणाऱ्यांसाठी: २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली.

दौंडकर_पाटील

बाई, तुमचं कायद्याचं बरोबर. पण गावात राहून बघा. तिथं पोलीस पोचेस्तोवर सगळं आटोपलेलं असतं.

वकीलबाई_शिवाजीनगर

मान्य आहे, आणि कायद्यालाही ते मान्य आहे. म्हणूनच तर खाजगी बचावाचा अधिकार दिलाय. पण तो अधिकार धोका अंगावर आल्यावरचा आहे, धाक बसवण्यासाठीचा नाही.

मृण्मयी_क

मला मुळातच हे पटत नाही, आणि मी तसं लिहिणार आहे.

पंपवाले, तुमच्या घरी लहान मुलं आहेत का? असतील तर सरावाच्या आधी कपाटाचं बोला. मुलांना आपण वस्तू कुठे लपवतो ते आपल्या आधी कळतं. बिस्किटांचा डबा असो की दिवाळीची खरेदी, आजवर एकही गोष्ट आमच्या घरात लपून राहिलेली नाही. साड्यांच्या घडीखाली ठेवलेलं रिव्हॉल्व्हर राहील?

दुसरं, पंपावर ठिणगी नको म्हणून आपण मोबाईल बंद करायला सांगतो. तिथे तुम्ही गोळी झाडणार आहात? समोर कोयतेवाला, त्याच्या मागे पेट्रोल भरायला थांबलेली स्कूटर, तिच्यावर बाई आणि पोर. नेम चुकला तर? आणि नाही चुकला, पण गोळी आरपार गेली तर?

सिंहगडरोडकर

मृण्मयीताईंचा दुसरा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. हत्यार हाताळण्याच्या चार नियमांतला शेवटचा नियम हाच: लक्ष्याच्या मागे काय आहे ते माहीत असल्याशिवाय गोळी नाही. उरलेले तीन: प्रत्येक हत्यार भरलेलंच समजा, ज्यावर गोळी झाडायची नाही त्यावर नळी नको, आणि नेम धरेपर्यंत बोट चापावर नको.

कोयत्याबद्दल थोडं. १९८३ साली अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्युलर नावाच्या पोलीस प्रशिक्षकाने मोजून दाखवलं होतं की सुरा घेऊन धावणारा माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. तेवढ्याच वेळात सरावलेला माणूस होल्स्टरमधून हत्यार काढून जेमतेम गोळी झाडतो. आता शर्टाखाली झाकलेलं हत्यार, धास्तावलेला माणूस आणि जड चाप हे सगळं धरा. पंपाच्या केबिनपासून मशीनपर्यंतचं अंतर तुम्हीच मोजून पाहा, पंपवाले. २१ फुटांच्या आत असेल तर तुमच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा केबिनची जाळी आणि आतून लागणारी कडी जास्त उपयोगाची.

बावधनचा_बंड्या

दीड सेकंदात २१ फूट! आमच्या चौकातला सिग्नल हिरवा झाल्यावर मागचा हॉर्न त्याहून लवकर येतो.

खडकीकर

थोडं विषयांतर, पण राहवत नाही.

पंपवाले, तुमच्या काडतुसाच्या बुडाकडे बघा. 'के एफ' असं कोरलेलं असेल. ती आमची खडकीची अॅम्युनिशन फॅक्टरी, १८६९ पासूनची. आमच्या घरातल्या दोन पिढ्यांची हजेरी त्या गेटवर लागली. सायरन झाला की खडकीतली घड्याळं लावली जायची आणि सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा.

आणखी एक. तुमच्या रिव्हॉल्व्हरचं काडतूस आणि पॉइंट ३२ पिस्तुलाचं काडतूस ही दोन वेगळी आहेत. बोलताना दोन्हींना 'बत्तीस'च म्हणतात, पण रिव्हॉल्व्हरचं लांब आणि बुडाला कडा असलेलं, पिस्तुलाचं आखूड. ईशापूर फॅक्टरीच्या 'अशनी' पिस्तुलाची काडतुसं तुमच्या हत्यारात घालायची नाहीत. दुकानात घेताना परवान्यावर नेमकं काय लिहिलंय ते बघूनच घ्या.

आणि गंमत बघा, हेच लांब बत्तीसचं काडतूस जगभरात सेंटर फायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसतो तो प्रकार) पिस्तुलाच्या स्पर्धेत वापरतात. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत आपला नेमबाज जसपाल राणाने २५ मीटर सेंटर फायरमध्ये ५९० गुण करून विश्वविक्रमाशी बरोबरी केली ती याच प्रकारात. म्हणजे काडतूस कमजोर आहे, नेम लागत नाही म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या हाताकडे बघावं.

निशाणी

खडकीकर, वा! ही माहिती मुलांना सांगणार. पिस्तुलात आपल्याकडच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाडमध्ये २५ मीटरचं सुवर्ण घेतलं. कोल्हापूरची पोर. आणि आपल्या रेल्वेतला स्वप्नील कुसाळे बालेवाडीत घाम गाळून २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य घेऊन आला. रायफल असली म्हणून काय झालं, तासन् तास रिकाम्या हत्याराने उभं राहणं सगळ्यांना सारखंच.

कोथरूडचा_कौस्तुभ

बालेवाडीला संध्याकाळी बाणेरमार्गे जाऊन आलात तर संयमाचं प्रशिक्षण रस्त्यातच पूर्ण होतं, रेंजवर फक्त नेम शिकायचा उरतो.

(मुद्द्याचं: होल्स्टरबद्दल कुणी बोललंच नाही.)

निवृत्त_आर्मरर

होल्स्टर. तीन गोष्टी बघा. चाप पूर्ण झाकला गेला पाहिजे. हत्यार काढल्यावर तोंड उघडं राहिलं पाहिजे, म्हणजे एका हाताने परत ठेवता येतं. आणि पट्टा रुंद, जाड हवा. साध्या ऑफिसच्या पट्ट्यावर रिव्हॉल्व्हरचं वजन लोंबतं आणि माणूस दिवसभर कमरेला हात लावत राहतो. मग ज्याला कळू नये त्याला कळतंच. मऊ कापडी पाऊच घेऊ नका, ते आत चेपतं आणि परत ठेवताना कापडाची घडी चापात अडकू शकते. खिशात तर नकोच नको.

घाम आणि पावसाळा विसरू नका. आपल्याकडे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवलेल्या हत्याराला गंज चढतो. रात्री काढून पुसायचं, तेलाचा पातळ हात द्यायचा आणि ठेवताना होल्स्टरच्या बाहेर ठेवायचं. काडतुसांना तेलाचा हात लावायचा नाही. कमरेला बाळगलेली काडतुसं वर्षभर घामात, गाडीच्या उन्हात राहतात. तीच पुढच्या सरावात झाडून टाका आणि नवी भरा, म्हणजे कोटाही कारणी लागतो.

कॅज्युअल्टी_डॉक्टर

माझ्या बाजूने एक गोष्ट, जी कुणी विचारत नाही: कान.

हँडगनचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. एका बाराने कायमचं नुकसान होऊ शकतं, आणि गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. रेंजवर इअरमफ आणि खाली फोमचे बोळे, दोन्ही घाला. डोळ्यांना चष्मा. सराव झाल्यावर साबणाने हात धुऊन मगच डबा उघडा, कारण धुरातलं शिसं हाताला लागतं. घरी लहान मूल असेल तर कपडेही बदला.

दुसरं म्हणजे शरीर. अंगावर कोणी आलं की ठोके वाढतात, बोटांचं बारीक काम बिघडतं, बाजूचं दिसेनासं होतं, आवाज कमी ऐकू येतात. हे भित्रेपणामुळे होत नाही, सगळ्यांना होतं. शांतपणे कागदावर नेम लावणाऱ्याने यासाठी वेगळा सराव करायला हवा. जिना धावत चढा, दोरीच्या उड्या मारा, आणि मग एअर पिस्तूल हातात घ्या. छरे कुठे जातात ते पाहा.

आणि पंपावर प्रथमोपचाराची पेटी कशी आहे? तुमच्या कामगाराच्या दंडातून रक्त वाहत होतं तेव्हा त्यावर घट्ट दाब देणारं कुणी होतं का? दाब द्यायला शिकवायला एक दुपार पुरते. त्याला परवाना लागत नाही.

पंपवाला_सोलापूररोड

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेक उत्तर देतो.

मृण्मयीताई, घरात दोन मुलं आहेत. भिंतीत बसवलेली लोखंडी तिजोरी आहे, हत्यार तिथेच राहतं आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली माझ्याकडे असते. तरी तुमचं वाचून आज तिजोरीच्या दुसऱ्या किल्लीचा शोध घेतला. ती देवघराच्या खणात होती. आता ती बँकेच्या लॉकरमध्ये.

सिंहगडरोडकर, अंतर मोजलं. केबिनच्या दारापासून पहिल्या मशीनपर्यंत २१ फूट नाहीच. वेल्डरला बोलावलंय, जाळी आणि आतली कडी.

डॉक्टर साहेब, दाब द्यायला कुणालाच येत नव्हतं. रुमाल बांधला होता.

पंपाच्या आवारात गोळी झाडायचा विचार माझाही नव्हता, हे आधी लिहायला हवं होतं. माझी काळजी रोकड बँकेत नेतानाची आहे. यूपीआय आल्यापासून रोख कमी झाली हे खरं, पण ट्रकवाले अजून नोटाच देतात. शनिवार-रविवारची रक्कम सोमवारी सकाळी मी स्वतः नेतो.

शून्यप्रहर

ठराविक वार, ठराविक वेळ, ठराविक रस्ता, एकटा माणूस. साहेब, हे बदला आधी. रोकड गोळा करून नेणाऱ्या कंपन्या पंपावर येऊन पैसे नेतात, विम्यासकट. महिन्याला जे पैसे लागतील ते काडतुसं, रेंज, होल्स्टर यांच्या खर्चाशी ताडून बघा. हत्याराला विरोध नाही माझा. पण ज्या वाटेवर हत्यार लागतं ती वाट टाळता येत असेल तर टाळावी.

दौंडकर_पाटील

हे मात्र पटलं. आमच्या इथल्या दोन पंपांना तशीच गाडी येते.

हडपसरची_हेमा

वकीलबाई, एक सरळ प्रश्न. समजा रस्त्यात अडवलं, कोयता काढला, बॅग हिसकावली आणि पळाले. पळताना मागून गोळी झाडली तर?

वकीलबाई_शिवाजीनगर

नाही. हेमाताई, इथेच लोक अडकतात म्हणून नीट लिहिते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खाजगी बचाव तिच्यात कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, म्हणजे जुन्या भादंविचं ९६ ते १०६. जबरी चोरीच्या वेळी मालमत्तेच्या बचावात हल्लेखोराचा जीव गेला तरी चालण्याची तरतूद कलम ४१ मध्ये आहे. एवढंच वाचून लोक खूश होतात. पण कलम ४३ म्हणतं की जबरी चोरीविरुद्धचा हा अधिकार तोपर्यंतच चालतो, जोपर्यंत चोर जीव घेतोय, इजा करतोय, अडवून ठेवतोय किंवा तसा प्रयत्न करतोय, किंवा यातल्या कशाची तात्काळ भीती आहे. बॅग घेऊन पाठमोरा पळणाऱ्यापासून ती भीती उरत नाही. आणि कलम ३७ म्हणतं, बचावासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही, शिवाय पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा अधिकारच नाही.

उलट, कोयता डोक्यावर उगारलेला आहे आणि पळायला वाट नाही, तर कलम ३८ तुमच्या पाठीशी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात हेच सविस्तर सांगितलंय: धोक्याची वाजवी भीती निर्माण झाली की अधिकार सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंतच टिकतो. प्रत्यक्ष वार होईपर्यंत थांबायची गरज नाही. मात्र तसा प्रसंग होता हे दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणून झाडल्यानंतर पहिलं काम ११२ ला फोन, जखमीला मदत, पुंगळ्यांना हात न लावणं, आणि वकील येईपर्यंत घडलं तेवढंच थोडक्यात सांगणं. गोळी झाडून पळून जाणाऱ्याचा खटला उभा राहण्याआधीच बिघडतो.

कलमं सगळ्यांनी पाठ करायची गरज नाही. पण पंपवाले, रिकाम्या हत्याराने सराव करताना दर चार-पाच वेळांत एकदा हत्यार बाहेर काढून चाप न ओढता परत ठेवण्याचा सराव करा. बाहेर काढलं की झाडायचंच अशी हाताला सवय लागली तर ती कोर्टात तुम्हाला महागात पडेल आणि समोरच्याला त्याहून.

निशाणी

वकीलबाईंचं शेवटचं वाक्य नेमबाजीच्या दृष्टीनेही सोन्यासारखं आहे. आम्ही याला 'नेम सोडणं' म्हणतो. नेम बसत नसेल तर हात खाली घ्यायचा, श्वास घ्यायचा, परत उचलायचा. नवीन मुलांना गोळी झाडण्यापेक्षा न झाडता हात खाली घेणं जास्त अवघड जातं.

शेतकरी_मुळशी

रेंजला एवढे कागद लागतात तर स्वतःच्या शेतात, डोंगराच्या आडोशाला मारून बघितलं तर काय बिघडलं? सातबारा आपलाच.

निवृत्त_आर्मरर

सातबारा तुमचा असला तरी गोळी बांधावर थांबत नाही. दगडाला लागून कुठेही उडते. गुराखी, शेजारचा मजूर, सुट्टीच्या दिवशी डोंगरात फिरणारी शहरातली पोरं, कुणीही त्या बाजूला असू शकतं. लोकांचा जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा आणि परवाना रद्द, दोन्ही होईल. शेतात एअर पिस्तूल चालवा, मागे मातीचा ढीग लावून.

हडपसरची_हेमा

अजून एक. आमच्या सासऱ्यांचा परवाना आहे. गणपतीत आणि निवडणुकीत काय करायचं असतं? दर वेळी घरात गोंधळ होतो.

वकीलबाई_शिवाजीनगर

निवडणुकीत ठाण्यातून नोटीस येते. हत्यार जमा करायचं आणि पावती घ्यायची, पावतीवर हत्याराचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या तपासून. सूट हवी असेल तर कारणासह अर्ज करता येतो, छाननी समिती ठरवते. गणपती, मोर्चे, बंदोबस्त यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचा आदेश निघतो. तो वर्तमानपत्रात येतो, तो वाचल्याशिवाय हत्यार घेऊन बाहेर पडायचं नाही. मिरवणुकीत तर नाहीच.

सासऱ्यांच्या गैरहजेरीत ते हत्यार दुसऱ्या कुणी हातात घेऊन फिरायचं नाही, सून असली तरी. परवाना त्यांच्या नावावर आहे.

मृण्मयी_क

माझं मत बदललेलं नाही, हत्यार घरात नसलेलं बरं. पण देवघरातली किल्ली लॉकरमध्ये गेली, याचा आनंद आहे.

पंपवाला_सोलापूररोड

ठरवलं ते सांगतो. रोकड नेणाऱ्या कंपनीशी बोलणं झालं, पुढच्या महिन्यापासून गाडी पंपावर येईल. जाळी बसली. कामगारांना प्रथमोपचार शिकवायला एका ओळखीच्या परिचारिकेने होकार दिलाय.

हत्यार राहणार, कारण रात्री पंप बंद करून घरी जाताना रस्ता तोच आहे. निशाणीताई, एअर पिस्तूल आणलं. आर्मरर काका, नाणं अजून पडतंय. पूर्ण चाप ओढताना शेवटच्या टप्प्यावर नळी डावीकडे जाते. मी उजव्या हाताचा आहे. काय चुकतंय?

निवृत्त_आर्मरर

बोट चापावर कमी जातंय, टोकाने ढकलताय. जड चापाला बोटाचं पहिलं पेर पुरत नाही, पहिल्या सांध्यापर्यंत आत घ्या आणि सरळ मागे ओढा. चारही बोटांनी मूठ आवळू नका, आवळायची ती डाव्या हाताने. अंगठा उंच ठेवलात तर घोड्याला अडतो, तो खाली वळवा. आठवडाभर फक्त एवढंच करा आणि इथे कळवा.

निशाणी

आणि नजर नाण्यावर नको, पुढच्या साईटवर. नाणं पडलेलं ऐकू येतंच.